उभ्या भातातली पिवळी ताटली

कापणी सुरू झाली की माझी नजर बिघडते. उत्रोलीत आमच्या सासरच्या खाचरांत भात पिकून वाकलेलं असतं, बांधावर जावा विळे घेऊन उभ्या असतात, सासूबाई "चला गं, ऊन चढायच्या आत एक तुकडा उरकू" म्हणून मागं लागलेल्या असतात, आणि मी मात्र भातात काहीतरी गोल पडलंय का ते बघत असते. दरवर्षी. लग्न होऊन आले त्या पहिल्या कापणीला सासूबाईंनी विचारलंच, "काय हरावलंय का गं तुजं?" मी म्हणाले, "न्हाई, काय न्हाई." त्यांना वाटलं, मी सापाला भिते. साप असता तर बरं झालं असतं. सापाला सगळेच भितात, त्यामुळे त्याची भीती चारचौघांत सांगता येते.

आमच्या माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या डब्यामागे, एक पिवळी ताटली ठेवलेली आहे. प्लॅस्टिकची, जेवायच्या ताटलीहून जराशी लहान, जाड कडेची. त्या कडेला एका जागी विळ्याचा घाव आहे, नखभर खोल. ती मी फेकत नाही. पण कापणीच्या दिवसांत एकदा तरी खाली काढते, कडेवरून बोट फिरवते, आणि बोट त्या घावाशी आलं की पोटात अजून गोळा येतो. सहा वर्षं झाली. गोळा काही जुना होत नाही.

आणि गोळ्याचंच बोलायचं तर सुरुवात गोळ्यापासूनच झाली होती. त्या साली पोलीस भरतीत मी गोळाफेकीत पडले. धावण्यात पुढं होते, बाकी सगळं ठीक होतं, पण गोळा हातातून सुटला की आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर जाऊन पडायचा. जोर भरपूर, ताबा शून्य. माझ्या स्वभावाचंही वर्णन घरात याच शब्दांत व्हायचं. भोंगवलीला परत आले ती तीन दिवस कुणाशी बोलले नाही, चौथ्या दिवशी सगळ्यांशी भांडले. आईनं पिशवी भरून हातात दिली. "मामाकडं जा. कापणीला त्यांना हात लागत्यात. तुजं डोस्कं बी जरा थंड हुईल."

मामाचं गाव वेल्ह्याकडं, तोरण्याच्या अंगाला. आमची भोंगवली उघडी, कोरडी, ज्वारीची. तिकडं मात्र डोंगराच्या पायाशी पायऱ्या पायऱ्यांची भातखाचरं, आणि कार्तिकात सगळ्या पायऱ्या एकदम पिवळ्या. इंद्रायणी पिकायला लागली की तिचा वास येतो. शिजवलेल्या भाताचा नव्हे, त्याच्या अलीकडचा. सकाळी दार उघडलं की तो वास आत यायचा आणि रागावलेल्या माणसालाही भूक लागायची.

मामांच्या खाचरांच्या वरच्या अंगाला त्यांचा माळ होता, गवत आणि धोंडे. पुण्याच्या एका निवृत्त सरांनी तो मामांकडून खेळायला मागून घेतला होता. सरांनी माळावर लांब लांब नऊ लोखंडी खांब रोवले होते. प्रत्येक खांबाच्या डोक्यावरून साखळ्या लोंबत होत्या आणि साखळ्यांखाली एक टोपली. लांबून ताटली फेकायची, जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि होईल तितक्या कमी फेकींत ती साखळ्यांवर आदळून टोपलीत पाडायची. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात, हे मला सरांनी सांगितलं. मामी त्या टोपलीला शिंकं म्हणायची. मामा काहीच म्हणायचे नाहीत. त्यांनी माळ देताना जे म्हणायचं ते एकदाच म्हणून घेतलं होतं.

"एक जरी ताटली माज्या उभ्या भातात पडली," मामा सरांना म्हणाले होते, "तर त्यो खांब उपटून वड्यात टाकीन. मंग माळ बी न्हाई आन् खेळ बी न्हाई."

यात नुसता ताठा नव्हता. पिकलेल्या भातात माणूस शिरलं की दाणा झडतो. एक ताटली शोधायची म्हणजे पाच-पन्नास रोपं आडवी करायची, आणि झडलेला दाणा कुणी वेचत नाही. आणि मामा शब्दाचे पक्के. सख्ख्या भावाची शेळी एकदा भातात शिरली, तर भावाशी दोन वर्षं अबोला धरला. शेळीशी मात्र बोलायचे.

भानगड नवव्या खांबाची होती. तो खाचरांच्या कडेनं जाणाऱ्या रुंद बांधाच्या पार टोकाला होता. माळाच्या काठावर उभं राहून फेकायचं. उजवीकडे बांधाचं गवत, डावीकडे खाली मामांची इंद्रायणी. ताटली सरळ गेली तर गवतावर. आता हिची खोड अशी, की उजव्या हातानं पाठमोऱ्या मनगटानं फेकली की ती सगळं आयुष्य सरळ जाते आणि वेग संपत आला की डावीकडे कलते. माझीच नव्हे, कुणाचीही.

सर शनिवार-रविवारी यायचे. गुडघे गेलेले, म्हणून घडीच्या खुर्चीत बसून शिकवायचे. मी मनात म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकतायत. पण पहिल्याच रविवारी त्यांनी मला चार ताटल्या फेकताना पाहिलं आणि म्हणाले, "भात निघालं की पुण्याहून लोक यायला लागतील. त्यांना शिकवायला मला इथलंच माणूस हवंय. तू शीक. नववा खांब ताब्यात आला की काम तुझं."

मी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, पण भाकरी दोन जास्त खाल्ल्या. भरतीत पडलेल्या मुलीला 'काम तुझं' हे दोन शब्द काय वाटतात, ते भरतीत पडल्याशिवाय कळायचं नाही. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की आता लिहितानाही जरा लाज वाटते.

सर म्हणायचे, जोर नको. जोर नको. मी जोर लावायचे. ते म्हणायचे, हात लांब फिरवू नकोस, ताटली छातीजवळून सरळ रेषेत ओढ. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, मनगट अगदी शेवटी. मला वाटायचं, एवढी मिरवणूक निघेपर्यंत ताटली पडून जाईल. माझी ताटली सुटायची आणि वर चढायची. खूप वर. तिथं क्षणभर थांबायची आणि मग सगळं अवसान गळून डावीकडे, जवळच पडायची. आठ खांब माळावरच होते, म्हणून चालत होतं. नवव्याला सर मला हात लावू देत नव्हते. "मी नसताना तिथून फेकायचं नाही," एवढं बजावून ते रविवारी संध्याकाळी जायचे, आणि बारा ताटल्यांची झोळी मामांच्या पडवीत खुंटीला राहायची.

माझी चूक सरांना आठ दिवस सापडली नाही. त्यांनी मोबाईलवर माझी फेक धरून हळू हळू चालवून पाहिली, तरी त्यांना एवढंच दिसत होतं की पुढची कड वर जातेय. का जातेय ते कळेना. ती चूक मामीनं पकडली. अंगणात तांदूळ पाखडत बसली होती, मी समोरच्या पडक्या कुंपणाकडे ताटल्या फेकत होते. मामीनं सूप थांबवलं.

"सोने, सूप पाखडतीयास व्हय गं?"

मी तिच्या हाताकडं पाहिलं, मग माझ्या. पाखडताना सुपाची पुढची कड शेवटच्या क्षणी झटक्यात वर उचलावी लागते, नाहीतर भुसा उडत नाही. चौथीत असल्यापासून माझ्या हातात सूप आहे. माझ्या मनगटाला सपाट आणि रुंद असं काही दिलं, की ते आपसूक पाखडायला लागत होतं. मी इतके दिवस वेल्ह्याच्या माळावर उभी राहून वारा पाखडत होते. मामी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

त्या दिवसापासून मी अंगठा ताटलीच्या पाठीवर दाबून धरायला लागले, पुढची कड जराशी खाली. जोर निम्मा केला. आणि ताटली जाऊ लागली. बुटकी, सरळ, लांब. हातातून सुटताना तिचा जो एक बारीक फर्र आवाज येतो, तो मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. रविवारी सरांना सुपाचं सांगितलं तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "हे मला सात जन्मांत कळलं नसतं."

एक गोष्ट मामांकडूनही घेतली होती, पण त्यांना न सांगता. मी लहान असताना लावणीला इथं यायचे. चिखलात बायकांची रांग वाकून लावत असायची, आणि मामा बांधावरून रोपांच्या मुठी फेकायचे. ओली, जड मूठ गरगरत जायची आणि बरोबर त्या त्या बाईच्या मागं, हात मागं केला की लागेल अशी पडायची. कुणाच्या अंगावर शिंतोडा नाही. मी विचारलं होतं, मामा, नेम कसा हो बसतो? ते म्हणाले होते, "बाईकडं बघून फेकली तर बाईलाच लागती. जितं पडाया पायजे त्या पाण्याकडं बघायचं." म्हणून मी खांबाकडं बघायचं सोडलं आणि भाताकडं तर बघायचंच नाही असं ठरवलं. फक्त गवत.

इथपर्यंत सगळं छान होतं. इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायला उरली नसती. पण थोडं जमायला लागलं की माणसाला अंगात वारं भरल्यासारखं होतं, आणि मला तर ते लवकर भरतं. दिवाळी दोन दिवसांवर होती. मामी चकल्या पाडत होती, मामा गवताला गेलेत असं तिनं सांगितलं. ऊन कललं होतं. मी खुंटीवरची झोळी काढली आणि सरळ माळाच्या काठावर जाऊन नवव्या खांबासमोर उभी राहिले. सर नव्हते. कुणीच नव्हतं.

पहिल्या तीन ताटल्या गवतावर गेल्या. तिसरी तर खांबापासून हाताच्या अंतरावर. चौथी पिवळी होती. ती हातात घेतली तेव्हा मला वाटलं, ही साखळीला लावायची. नुसती गवतावर नाही. मी गवताकडं बघायचं सोडून खांबाकडं पाहिलं, दात आवळले आणि जोर लावला. सुटतानाच कळलं. मनगटानं दगा दिला, कड वर गेली, आणि नेमका त्याच वेळी डोंगरावरून समोरून वारा आला. ताटली उचलली गेली, थांबली, आणि अगदी सावकाश, मला दिसावं म्हणूनच जणू, डावीकडे कलत कलत मामांच्या मोठ्या खाचरात उतरली. आवाजसुद्धा झाला नाही.

मी बांधावरून पळत गेले. पिवळ्या भातात पिवळी ताटली. काही दिसेना. एकही रोप आडवं झालेलं नाही, जणू भातानं ती गिळली. मी चप्पल काढली आणि एक पाय आत ठेवला. लोंब्या पायाला लागल्या आणि दाणे झडले. टपटप. पावलावर पडलेले मला मोजता आले असते. पाय मागं घेतला. तिथंच बांधावर बसले. इकडं तिकडं पाहिलं. माळ रिकामा, बांध रिकामा, वरच्या अंगाला जांभळाखाली नुसती सावली. कुणी पाहिलं नव्हतं.

कुणी पाहिलं नाही ही गोष्ट पहिले पाच मिनिटं फार बरी वाटते. मग ती उठता-बसता टोचायला लागते.

मी अकरा ताटल्या घेऊन घरी आले, झोळी खुंटीला लावली, आणि मामीच्या चकल्या तळायला बसले. चार करपवल्या. मामा आले, हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसले. मला म्हणाले, "आज लौकर आलीस." मी म्हणाले, "वारं लई सुटलंय." ते म्हणाले, "व्हय. वारं सुटलंय खरं."

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आजही कुणी 'दिवाळी कशी गेली' म्हणून विचारलं की मला आधी ती दिवाळी आठवते. अभ्यंगाचं पाणी अंगावर घेताना माझ्या डोळ्यांपुढं खाचर. फराळाचं ताट समोर आलं, तर ताटाकडं बघवेना. रोज सकाळी मी काहीतरी निमित्त काढून बांधावरून चालत जायचे आणि मान न वळवता डोळे वळवून बघायचे. भात दिवसेंदिवस वाकत होतं. मला वाटायचं, अजून वाकलं की ताटलीची कड दिसेल. मग वाटायचं, दिसू नये. हिशेब सोपा होता: कापणीच्या दिवशी कुणाचा तरी विळा तिच्यावर बसणार. प्लॅस्टिकवर विळा घसरला तर बोटावर येणार. म्हणजे खांब जाणार, माळ जाणार, सरांचा खेळ जाणार, माझं काम जाणार, आणि वर एखाद्या बाईचं बोटही जाणार. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. मामा जेवायला बसले की तोंड उघडायचे, आणि म्हणायचे, "मामा, आमटी वाढू?" त्या दहा दिवसांत मामांनी फार आमटी खाल्ली.

रविवारी सर आले. झोळी चाळली. "पिवळी कुठंय गं?"

मामा तिथंच दावं वळत बसले होते.

"घरात राहिलीय सर. धुवायला घेतलेली," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. सरांनी मान हलवली. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही, दाव्याचा पीळ तेवढा घट्ट केला आणि म्हणाले, "सर, चहा घ्या. गार हुतोय."

त्यानंतर बुधवारी मी झोळी काढली तर ताटल्या नऊ. पुन्हा चाचपल्या. निळी नव्हती आणि लाल नव्हती. या दोन मी हरवल्या नव्हत्या, हे मी देवाशप्पथ सांगू शकत होते; पण सांगणार कुणाला? चोराच्या मनात चांदणं. मला एकच अर्थ दिसला. मामांना कळलंय. त्यांनी दोन ताटल्या पुराव्याला काढून ठेवल्यात. भात निघू दे म्हणून थांबलेत, मग सगळ्यांसमोर खांब उपटतील. मामा तर रोज उजाडता उजाडता गोफण खांद्यावर टाकून पाखरं राखायला खाचराकडं जात होते. तिथं त्यांना पिवळी सापडली नसेल कशावरून? त्यातच संध्याकाळी मामी त्यांच्या उजव्या खांद्याला तेल चोळत बसायची. "या वयात कशाला एवढी गोफण फिरवायची?" ती कुरकुरायची. मामा "लई पाखरू हाय औंदा" म्हणायचे आणि माझ्याकडं पाठ करायचे. ती पाठ बघून माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

इथं उत्रोलीत कापताना मला हे सगळं आठवतं, आणि मी जावेला उगाचच म्हणते, "बघून काप गं, बेतानं." ती म्हणते, "का? भातात काय पुरून ठेवलंयस का?"

कापणीचा दिवस आला. त्या गावात एकमेकांच्या शेतावर सावडीनं राबतात. आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. तेरा-चौदा बाया विळे घेऊन आल्या. मला रात्रीपासून एकच करायचं होतं: मोठ्या खाचरातली बांधाजवळची पात आपण धरायची, म्हणजे ताटलीवर पहिला विळा आपलाच बसेल. मी तिथं जाऊन उभीसुद्धा राहिले. मामी म्हणाली, "तू ज्वारीची माणूस, तुला भाताचा हात न्हाई. तू पल्याड जा. हितं हौसाआक्का धरंल." हौसाआक्का सत्तरीच्या, आणि त्यांचा विळा तिशीचा. त्या वाकल्या आणि सर्र सर्र निघाल्यासुद्धा. मी पलीकडच्या पातीत मूठ धरत होते, कापत होते, आणि कान सगळे त्यांच्या विळ्याकडं. एकदा माझंच बोट कापलं. पदरानं दाबलं आणि पुढं गेले.

"अगं बया! हे काय गं!"

हाक आली, पण हौसाआक्कांकडून नाही. पार खालच्या खाचरातून, जिथं मी जन्मात ताटली टाकली नव्हती. एका बाईनं निळी ताटली हातात धरून उंच केली होती. बाया हसायला लागल्या. मी तशीच वाकलेली राहिले. मला काही समजेना. थोड्या वेळानं मधल्या खाचरात लाल. आता हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली, कारण मामांची अट सगळ्या वाडीला ठाऊक होती. आणि मग तो आवाज आला, कच्च. हौसाआक्का सरळ झाल्या. विळा बघितला, बोटं बघितली. बोटं पाचही शाबूत. त्यांनी खाली वाकून पिवळी ताटली उचलली आणि घावावर अंगठा फिरवला.

"कुणी टाकलं गं हे? हात गेला असता की माजा!"

मामा वरच्या बांधावरून खाली आले. सगळे विळे थांबले होते. कोण काय म्हणणार ते बघत बाया उभ्या होत्या. मामांनी तिन्ही ताटल्या हातात घेतल्या, एकावर एक ठेवल्या. कुणाकडं न बघता म्हणाले, "तिन्ही माज्याच हायत. म्याच फेकल्या."

कुणाला पटलं नाही. मामीनं मात्र कपाळाला हात लावला. "आत्ता कळलं! म्हून रोज खांदा चोळून घेत व्हता व्हय? गोफण म्हनं! पाखरू म्हनं!" बाया पुन्हा हसायला लागल्या आणि एका क्षणात सगळं हलकं झालं. विळे पुन्हा चालू होणार होते. खांब वाचला होता. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. दहा दिवस राहिले होते, आणखी अर्धा मिनिट.

पण मला ते झेपलं नाही. मामांसारखा माणूस सगळ्या वाडीसमोर माझी चूक अंगावर घेतो आणि मी पदराआड बोट दाबून उभी राहते, याची मला इतकी शरम वाटली की मी ओरडलेच. "पिवळी माजी हाय! म्या टाकली. सर नसताना. दिवाळीच्या आदी."

हौसाआक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मग मामांकडं. मामांनी पिवळी वरून काढून घेतली.

"ठावं हाय," ते म्हणाले. "म्या जांबळाखाली व्हतो. पडताना बघितली."

मी विळा खाली ठेवला.

"सर यिऊन गेलं, त्याच्या दुसऱ्या दिशी उजाडता पहार घिऊन गेल्तो खांबापाशी. शबूद म्हंजी शबूद. मंग म्हनलं, पोरीनं मस्तीनं टाकली का ही ताटलीच वंगाळ हाय, हे बगायला पायजे. न बगता उपटायचं म्हंजी अन्याव. म्हून झोळीतली एक घेतली. फेकली." त्यांनी निळी दाखवली. "भातात. दुसऱ्या दिशी दुसरी. ती बी भातात. मंग खांब कंच्या तोंडानं उपटायचा?"

मला हसू आणि रडू एकदम आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माझं तोंड फार वाईट दिसतं. दहा दिवस एकाच छपराखाली, एकाच खाचराच्या भीतीनं आम्ही दोघं वाटीवर वाटी आमटी रिचवत बसलो होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरा आपल्याला बघतोय. मामांनी माझं कापलेलं बोट बघितलं, मामीला हळद आणायला सांगितली. मग जवळ आले, आणि सगळ्या बायांसमोर, जरा आवाज खाली घेऊन विचारलं,

"सोने, शेवटाला ही डावीकडं का कलती गं?"

मामा. ज्यांनी आपणहून मुठीचा नेम कुणाला शिकवला नाही, आणि कुणाकडून काही शिकले असंही मला आठवत नाही. मी डोळे पुसले.

"सगळ्यांचीच कलती मामा. तिचा वेग सरला की कलती. म्हून आदीच थोडी उजवीकडं सोडायची."

"म्हंजी ती कलनार हे धरूनच फेकायची?"

"व्हय."

मामांनी ताटली हातात उलटीपालटी केली. "मंग हे म्या माळ दिला तवाच सांगायचं न्हाई व्हय?"

ते माझ्याशेजारी उभे राहिले, बांधाच्या टोकाकडे, खांबाकडे पाठमोरा खांदा करून. मी त्यांचा अंगठा ताटलीच्या पाठीवर दाबला, पुढची कड खाली केली. म्हणाले, "सूप न्हाई पाखडायचं, ठावं हाय मला," म्हणजे अंगणातलं तेही त्यांनी ऐकलं होतं. चौदा बाया विळे घेऊन सरळ उभ्या होत्या. मामांनी नको तितका जोर लावला. ताटली वर चढली, थांबली, आणि डावीकडे कलत कलत कापलेल्या खाचरात जाऊन पडली. तिथं आता नुसता धसकटांचा पसारा होता, कितीही पडल्या तरी चाललं असतं. मामा चपला काढून तिला आणायला स्वतः उतरले.